वहीतली अकरा बदकं

आमच्या भावोजींना कुणी सहज विचारलं, "काय, बरं आहे ना?" तर ते खरंच विचार करतात. विचारणारा चार पावलं पुढे गेलेला असतो, तेवढ्यात मागून उत्तर येतं, "डावा गुडघा सोडला तर बरं आहे." समोरच्याला गुडघ्याशी काही देणंघेणं नसतं. पण एकदा विचारलं की पूर्ण उत्तर मिळणार, त्यातून सुटका नाही. म्हणून आमच्याकडे त्यांना सहसा कुणी काही विचारत नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. काम पक्षी मोजण्याचं. खाडीच्या तोंडाशी चिखलाचा एक लांबरुंद पट्टा आहे, भरतीला पाण्याखाली जातो, ओहोटीला उघडा पडतो. हिवाळा आला की तिथे हजारो मैलांवरून पाणपक्षी उतरतात. ते किती आले, कुठे बसले, काय करत होते, हे रोज वहीत लिहायचं आणि महिन्याच्या शेवटी वर पाठवायचं. बावीस वर्षं हा माणूस हेच करतोय आणि त्याला अजून कंटाळा आलेला नाही. मला त्यांच्याबद्दल लिहिताना दोन वाक्यांत कंटाळा येतो, एवढा तो निवांत माणूस आहे.

मोजणं त्यांच्या हाडीमाशी गेलंय. ताईच्या लग्नाला तीनशे माणसं जेवली, असं आमचे वडील मरेपर्यंत अभिमानानं सांगत. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नवे जावई शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "दोनशे चौदा. त्यातले तिघं दोनदा जेवले." वडिलांनी जावई फार हुशार आहे असं सगळ्यांना सांगितलं, पण दात आवळून. नवरदेवानं स्वतःच्या लग्नात बसून पाहुणे मोजले, हे ताईला त्या दिवशी कळलं. तिनं डोक्याला हात लावला आणि पुढची सगळी वर्षं तो तिथंच ठेवला.

मोजताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हा घरातला पहिला नियम. त्यांच्या हातात एक छोटं यंत्र असतं, अंगठ्यानं खटका दाबला की आकडा एकानं पुढे सरकतो. डोळ्याला दुर्बीण, अंगठा खटक्यावर, आणि कुणी जवळ आलं की डावा कोपर वर. त्याचा अर्थ, थांब. एकदा घरात साप निघाला म्हणून ताई धावत चिखलाच्या कडेपर्यंत गेली. कोपर वर गेला. ताई थांबली. साप थांबला नाही. तेराशे चाळीसवर आल्यावर भावोजींनी दुर्बीण खाली केली आणि विचारलं, "काय म्हणत होतीस?" तोवर साप घर बघून निघून गेला होता.

एकेक पक्षी मोजत बसणं शक्य नसतं. आधी दहा पक्ष्यांची जागा डोळ्यांत बसवायची, मग तेवढा तुकडा थव्यावर ठेवत ठेवत पुढे सरकायचं. मध्येच थवा उडाला तर सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरू. एका दुपारी एक ससाणा आला आणि त्यानं पाच वेळा सगळ्यांना उडवलं. पाच वेळा भावोजींनी पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवसाच्या वहीत एकच ओळ आहे: "ससाणा १. बाकीचे मोजू दिले नाहीत."

चिखलाबद्दल कुणी वाईट बोललं तर मात्र हा निवांत माणूस चिडतो. मी एकदा म्हणालो, काय त्या घाणीत दिवस काढता. त्यावर मला तासभर उन्हात उभं करून त्यांनी जेवणावळ दाखवली. पाणटिवळ्याची चोच वीतभर, तो खोलवरचे किडे ओढतो. चिखल्याची चोच नखाएवढी, तो वरवरचं टिपतो. शेकाट्या काठीसारख्या पायांवर उभा राहून पाण्यातलं खातो. एकाच हातभर चिखलात तिघं जेवतात आणि कुणी कुणाच्या ताटाकडे बघतसुद्धा नाही. "तुम्ही तीन भावंडं एका वाटीवरून भांडता," ते म्हणाले, "आणि घाण ह्यांच्यात." मी मूग गिळून बसलो, कारण ती वाटी मागच्याच आठवड्यात फुटली होती.

आता वहीबद्दल. वहीत पक्ष्यांचे रकाने असतात आणि शेवटी एक रकाना असतो, "इतर". बाकी ठिकाणचे लोक तो कोरा ठेवतात म्हणे. भावोजी कोरा ठेवत नाहीत. दिसलं ते लिहायचं. कुत्री दोन. खेकडे पकडणाऱ्या बायका चार. शेळी एक, चुकलेली. त्या रकान्यात मीही आहे: "मेहुणा १. गळ टाकून बसलेला. काही मिळाले नाही." हे वर गेलं, तिथल्या मोठ्या साहेबांनी वाचलं आणि सही करून परत पाठवलं.

आणि त्याच रकान्यात सहा वर्षं रोज ताईची बदकं होती.

ताईला मूलबाळ नाही. आमच्या घरात यावर कुणी बोलत नाही आणि मीही जास्त बोलणार नाही. सहा वर्षांपूर्वी तिनं तीन बदकं आणली, त्यांची अकरा झाली. सगळ्यात पुढे चालणारा हेडमास्तर, सगळ्यांना चोची मारून रांगेत ठेवणारी मावशी, आणि दर वेळी मागे राहून मग धावत सुटणारी उशिरा. बाकीच्यांची नावं ताईला ठाऊक होती, मला आठ सारखीच दिसत. सकाळी साडेनऊला फाटक उघडलं की ही वरात निघायची ती चिखलाच्या अलीकडे जे आतलं तळं आहे तिथे. ते घरापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी आपली आपण परत.

भावोजींना ती दिसायची, म्हणून ते लिहायचे. संध्याकाळी घरी आले की ताई विचारायची, "आज माझी आली होती का?" भावोजी सांगायचे, "अकरा. नऊ सदतीसला." एखाद्या दिवशी जास्तीचं असायचं, "उशिरा आज आठवी होती." ताईचा चेहरा त्यावर असा खुलायचा की बघत राहावं. तिची बदकं सरकारी वहीत रोज लागतात, याचा तिला भारी तोरा होता. नवराबायको एवढंच बोलायचे आणि जेवायला बसायचे. मला आधी वाटायचं, काय हा संसार. नंतर कळलं की हा माणूस बायकोशी यापेक्षा गोड बोलूच शकत नाही.

त्या हिवाळ्याच्या मधोमध समुद्राच्या बाजूच्या बांधावर एक मेलेला कुरव सापडला. कुरव म्हणजे तो पांढरा-राखाडी पक्षी, होड्यांच्या मागे ओरडत फिरतो तो. दुसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी भावोजींनी जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. फोन मी उचलला, कारण मी तिथला कंपाउंडर.

"मेलेले कुरव एकोणीस," ते म्हणाले. "विसावा अजून मेलेला नाही."

"मग मी काय लिहू?"

"थांब. मी परत फोन करतो."

पंचवीस मिनिटांनी फोन आला. "वीस." आवाज बसलेला होता. त्यांना पक्षी मरताना बघवत नाही, पण बघितल्याशिवाय लिहिता येत नाही.

आमच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई नव्या होत्या, वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आणि शिस्तीनं माझ्या आजोबांहून मोठ्या. त्यांनी नमुने पाठवले. पाचव्या दिवशी निकाल आला, बर्ड फ्लू. त्यांनी आम्हा सगळ्यांना आणि मुद्दाम बोलावलेल्या भावोजींना बसवून समजावलं. पाणपक्ष्यांच्या पोटात हा रोग असू शकतो, कधी त्यांना काही होतही नाही, पण त्यांच्या शिटेतून तो पाण्यात उतरतो. त्याच पाण्यात कोंबड्या-बदकं गेली की त्यांच्यात शिरतो आणि मग गावंच्या गावं साफ होतात. कधी माणसालाही लागतो. भावोजींनी हात वर केला. "पाहुणे रोग इथे घेऊन येतात, का इथून घेऊन जातात, हे कुणी मोजलंय का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे, पण आज त्याला वेळ नाही." भावोजींनी मान डोलावली, प्रश्न खिशातल्या चिठ्ठीवर लिहून ठेवला आणि ते मोजणीला निघून गेले.

मग आम्हा दवाखान्यातल्यांपुढे हुकूम वाचला गेला. मेलेले पक्षी सापडले तिथून एक किलोमीटरच्या आतल्या प्रत्येक घरी जायचं. ज्यांची कोंबड्या-बदकं घरात कोंडलेली आहेत ती तशीच ठेवायची आणि नजर ठेवायची. ज्यांची गेल्या महिन्याभरात खाडीच्या पाण्यात गेली असतील, ती त्याच दिवशी मारून पुरायची. तपासणी उद्या सकाळपासून. ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही, नाहीतर लोक जनावरं लपवतील. मी मान हलवली. ताईचं घर बांधापासून आठशे मीटरवर आहे.

त्याच संध्याकाळी मी सायकल काढली आणि ताईला सगळं सांगितलं. हे लिहिताना मला लाज वाटते आणि वाटायलाच हवी. कंपाउंडर असून मी ते केलं. बदकं ठणठणीत आहेत, मग काय होतंय, अशी मी माझी समजूत घातली. पण खरं कारण म्हणजे मला माझ्या बहिणीचा चेहरा बघवला नसता.

दुसऱ्या दिवशी सहाला भावोजी कामावर गेले आणि आम्ही बहीणभाऊ कामाला लागलो. त्यांना यातलं काही सांगायचं नाही, हे न बोलताच ठरलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर ते "दिसलं ते" सांगणार, हा त्यांचा स्वभाव आम्हाला पाठ होता. आधी बदकांच्या पायांवरचा चिखल. अकरा बदकं म्हणजे बावीस पाय, आणि बदकाचा पाय पसरट असतो, त्याला बोटांच्या मध्ये पडदा असतो, त्या पडद्याच्या घड्यांत चिखल बसतो. मी जुन्या दात घासायच्या ब्रशनं ते घासत होतो. हेडमास्तरानं तक्रार न करता घासून घेतले. मावशीनं माझा अंगठा फोडला. कंपाउंडर म्हणून मी गायी-म्हशींच्या लाथा खाल्ल्या आहेत, पण एवढा अपमान कधी झाला नव्हता.

मग फाटक. ते रोज उघडतं हे बिजागरीवरून कळत होतं, म्हणून ताईनं ट्रंकेतलं गंजकं कुलूप आणून लावलं. मग वाट. सहा वर्षं रोज चालून बदकांनी फाटकापासून तळ्यापर्यंत चांगली पायवाट पाडली होती. मी तिच्यावर सरपणाचा ढीग ओढून घातला. माझे कपडे चिखलानं माखले, तेव्हा ताईनं भावोजींचा सदरा दिला. तो मला पोटावर बसेना. पण वरून आमचा तपासणीचा पांढरा अंगरखा येणार होता, म्हणून चाललं. पावणेनऊला मी दवाखान्यात हजर होतो. आपण काही विसरलो नाही, असं मला ठामपणे वाटत होतं.

सव्वानऊला डॉक्टरीणबाईंबरोबर मी पुन्हा त्याच दारात उभा राहिलो, अंगरखा, हातमोजे, मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा. आपण पहिल्यांदाच येतोय असं दाखवायला मी इकडेतिकडे बघत म्हणालो, "कुणी आहे का घरात?"

ताई बाहेर आली. "या, बसा. आपण कोण?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही तुमची सख्खी बहीण ना?"

"हो," मी म्हणालो.

आम्ही आत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. खिडकीतून अंगण दिसत होतं. बदकं सावलीत शहाण्यासारखी बसली होती आणि पाय चकचकीत होते. डॉक्टरीणबाईंनी कागद काढला. किती बदकं? अकरा. आजारी कुणी? नाही. खातात नीट? माझ्यापेक्षा जास्त. गेल्या महिन्याभरात खाडीच्या पाण्यात गेली होती का?

"छे, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत," ताई म्हणाली.

नेमके तेव्हा साडेनऊ वाजले. हेडमास्तर उठला. त्याच्या मागे मावशी, मागे आठ, आणि धावत उशिरा. फाटकापाशी रांग लागली. फाटक उघडेना, तेव्हा अकराही जणांनी कुलपाकडे तोंड करून जो आरडाओरडा सुरू केला, तो कामावर उशीर झालेल्या माणसांचा असतो तसा होता.

"हे काय चाललंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पाहुणे आवडत नाहीत त्यांना," ताई म्हणाली. अकराच्या अकरा बदकांची पाठ पाहुण्यांकडे होती.

डॉक्टरीणबाईंनी थोडा वेळ बघितलं. मी हजर होण्याआधीच, पहाटेपासून, दोन घरी कोंबड्या मारून त्या आल्या होत्या, डोळे सुजलेले होते. मला वाटतं, त्या दिवशी अजून अकरा जीव मारायचे नाहीत म्हणून त्यांनाही कुणीतरी 'नाही' म्हणायला हवंच होतं. त्यांनी 'नाही'पुढे खूण केली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दार वाजलं आणि भावोजी आत आले. काखोटीला वही.

आता हे सांगताना मला स्वतःला थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. मेलेल्या पक्ष्यांचे आकडे डॉक्टरीणबाईंना हवे होते, म्हणून आदल्या दिवशी मीच त्यांना सुचवलं होतं की तुमची दुसऱ्या दिवशीची तिसरी तपासणी भावोजींच्याच घरी आहे, तिथेच वही मागवून घेऊ. आणि भावोजींना फोनही मीच केला होता, "साडेनऊला वही घेऊन घरी या." सकाळी बावीस पाय घासणारा मी, गंजकं कुलूप घासूनपुसून तपासणारा मी. आणि सहा वर्षं ही बदकं रोज जिथे लिहिली जातात ती वही मीच सरकारच्या पुढ्यात आणून ठेवायला सांगितली. ताईनं माझ्याकडे बघितलं. तिलाही त्याच क्षणी आठवलं होतं.

"वही ऑफिसात विसरलात ना, भावोजी?" मी म्हणालो.

"ही काय," भावोजी म्हणाले आणि ती टेबलावर ठेवली. मी तिच्यावर कोपर टेकवला. "तुझ्या कोपराखाली आहे," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी माझा कोपर उचलून बाजूला ठेवला आणि वही उघडली. मेलेले कुरव त्या बोटानं शोधत होत्या. बोट आडवं जात होतं आणि दर ओळीच्या शेवटी जाऊन थांबत होतं. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. बाहेर अकरा जण बोंबलत होते. मी मनातल्या मनात नोकरीचा राजीनामा लिहायला घेतला.

"पाळीव बदके ११," त्यांनी वाचलं. "आतले तळे. नऊ एकोणचाळीस. पाळीव बदके ११, नऊ छत्तीस. पाळीव बदके ११, एक उशिरा." त्यांनी मान वर केली. "या भागात अकरा बदकं आणखी कुणाकडे आहेत?"

भावोजी ताईकडे बघत होते. मग त्यांनी खिडकीतून फाटकावरचं गंजकं कुलूप बघितलं, माझ्या अंगरख्याच्या गळ्यातून डोकावणारा स्वतःचा सदरा बघितला, आणि त्यांना सगळं कळलं. चेहरा पांढराफटक झाला.

"मी तुम्हाला विचारतेय," डॉक्टरीणबाई भावोजींना म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या पत्नी म्हणतात, बदकं बाहेर जात नाहीत. तुमची वही म्हणते, रोज जातात. दोन्ही खरं असू शकत नाही. या नोंदी चुकीच्या आहेत का?"

भावोजींनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. ओठ हलले आणि पुन्हा मिटले. मी त्या माणसाला बावीस वर्षं ओळखतो, पण एका प्रश्नाला त्यांना एवढा वेळ लागलेला कधी बघितला नव्हता. त्यांनी दुसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि ताई मध्येच बोलली.

"चुकीच्या कशा असतील?" ती म्हणाली. "हे खोटं बोलत नाहीत आणि खोटं लिहीत नाहीत. माझीच बदकं आहेत ती. रोज जातात. मी खोटं सांगितलं, तसं लिहून घ्या. ह्यांच्या वहीबद्दल काही लिहू नका."

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून घेतलं आणि ताईनं सही केली. भावोजी अजून तोंड अर्धवट उघडं ठेवून उभे होते.

मग डॉक्टरीणबाई बराच वेळ वही वाचत राहिल्या. हुकमाप्रमाणे त्यांना पुढचं काम करायचं होतं, मारण्याच्या सामानाची पिशवी माझ्या खांद्यावरच होती. पण त्यांनी ती मागितली नाही. त्यांनी भावोजींना विचारलं, "हे आतलं तळं तुम्ही वेगळं मोजता?"

"रोज," भावोजी म्हणाले. आवाज परत आला होता.

"तिथे कुरव?"

"शून्य. गेले एकतीस दिवस शून्य. ते समुद्राच्या बाजूच्या बांधावर असतात. तळ्याची झडप महिनाभर बंद आहे, दुरुस्ती रखडलीय, खाडीचं पाणी आत येत नाही. तेही लिहिलंय. जवळात जवळ आलेला कुरव चारशे दहा पावलांवर होता, बारा तारखेला."

"पावलं कुणाची?"

"माझी."

डॉक्टरीणबाई अंगणात गेल्या आणि वरच्या साहेबांना फोन लावला. अर्धा तास त्या बदकांच्या आवाजावर आवाज काढून बोलत होत्या. आत आल्या तेव्हा सांगितलं की आधी तपासणी करायला परवानगी मिळाली आहे. एकाही नमुन्यात रोग निघाला तर अकराच्या अकरा जातील. निकाल चार दिवसांनी. तोवर ती आतल्या खोलीत बंद. मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्याशी मी नंतर बोलेन." त्या नंतर चाळीस मिनिटं बोलल्या, आणि त्यातला एकही शब्द मला नाकारता आला नाही. नमुन्यांसाठी बदकं धरायचं काम अर्थात मला मिळालं. मावशीनं उरलेला अंगठा फोडला.

ते चार दिवस फार वाईट गेले. बदकं आतल्या खोलीत, ती खोली भावोजींच्या झोपण्याची, म्हणून भावोजी ओट्यावर. ताई त्यांच्याशी एक अक्षर बोलेना. ताट वाढून ठेवायची आणि मला म्हणायची, "सांग, जेवायला या." भावोजी माझ्यापासून दोन हातांवर बसलेले असत. मी सांगायचो, "जेवायला या." ते म्हणायचे, "ऐकलं." आणि दोन घास खाऊन उठायचे.

"एवढी कशाला रागावलीस?" मी ताईला तिसऱ्या दिवशी विचारलं. "तूच तर कबूल केलंस."

"कबूल करणार नाही तर काय करणार?" ती म्हणाली. "ह्यांनी तोंड उघडलं होतं. खरं तेच सांगणार होते. सहा वर्षं मी वाढवलेली पाखरं, आणि ह्यांच्या तोंडून त्यांचा निकाल ऐकायचा? त्यापेक्षा म्हटलं, आपणच बोलावं. वहीपुढे मी कोण आणि माझी बदकं कोण." तिचं बोलणं मला पटलं. ह्या माणसाला दुसरं काही येतच नाही, असं मलाही वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावून कागद दाखवला. अकराही स्वच्छ. दोन महिने कोंडून ठेवायची, तळ्याचं नाव काढायचं नाही. मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी राहिलो. सायकल एवढ्या जोरात हाणली की साखळी दोनदा पडली.

भावोजी मागच्या पायरीवर बसले होते. मी निकाल सांगितला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि पुन्हा काढला. मी त्यांच्या शेजारी टेकलो. सुटका झाली की मला चेष्टा सुचते, तशी सुचली.

"आता खरं सांगा, भावोजी. ताई मध्ये बोलली नसती तर त्या बाईंना काय सांगणार होतात?"

"नोंदी चुकीच्या आहेत, असं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कुठल्या नोंदी?"

"सगळ्या. सहा वर्षांच्या. माझी नजर अधू झालीय, रानबदकं पाळीव म्हणून लिहीत आलो, असं सांगणार होतो. वाक्य तयार होतं." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "बाहेर पडायला उशीर लागला. सवय नाही."

"अहो, मग नोकरी गेली असती. आणि बावीस वर्षांची वही कुणी खरी मानली असती का?"

"नसती मानली," भावोजी म्हणाले. "पण तुझी ताई रोज संध्याकाळी त्या अकराच्या आकड्याची वाट बघत असते."

आमच्या मागे दारात ताई उभी होती. बदकांसाठी पाणी घेऊन चालली होती, किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं "खरं का?" म्हणून विचारलं नाही. विचारायला जागाच नव्हती, हा माणूस खोटं बोलत नाही असं चार दिवसांपूर्वी तिनंच सही करून दिलं होतं. बादलीतलं पाणी हिंदकळून पायरीवर सांडत होतं. भावोजी उठले आणि त्यांनी तिच्या हातातली बादली घेतली.